‘आयडॉल’ मोठी होते तेव्हा : नामिए आमुरोविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जपानमधील ‘आयडॉल’ या प्रकारावर एक छोटे टिपण छापले होते. त्यात नामिए आमुरो या गायिकेचा उल्लेख दोनच ओळींत आला होता : किशोरवयात लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचलेली, मध्यंतरी मागे पडलेली आणि पुन्हा वर येऊन चाळिशीत स्वतःहून निवृत्त झालेली गायिका. मूळ टिपणापेक्षा या दोन ओळींवरच अधिक पत्रे आली. म्हणून या वेळचे सदर केवळ तिच्यासाठी राखून ठेवले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘आयडॉल’ म्हणजे तरुण वयातली लोकप्रिय गायिका, एवढाच अर्थ मी घेत होतो. तसे असेल तर वय वाढल्यावर तिने गात राहण्यात अडचण कोणती? आपल्याकडे तर गायिका साठीतही गातात. – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : गाणे हा आयडॉलच्या कामाचा एक भाग असतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा भाग असेलच असे नाही. १९७१ मध्ये ‘स्टार तान्जो’ ही दूरचित्रवाणीवरील स्पर्धा सुरू झाली आणि शाळकरी वयाच्या मुली थेट लोकांच्या घरात येऊन पोहोचल्या. त्याच वर्षी जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटाहून आलेल्या साओरी मिनामीने पदार्पण केले आणि तिच्या यशाने तिथल्या मनोरंजन व्यवसायाला एक साचा हाती लागला. या साच्यात गाणे कोणते, पोशाख कोणता, मुलाखतीत काय बोलायचे आणि काय गिळायचे, हे सारे व्यवस्थापन संस्था आणि निर्माता ठरवतात. श्रोत्याचा लोभ जडतो तो मुलीच्या कच्चेपणावर. ती अजून शिकते आहे, सूर थोडा हलतो आहे, पण धडपड प्रामाणिक आहे, हे पाहण्यात तो गुंतलेला असतो. हा कच्चेपणा वयाबरोबर संपणारच, त्यामुळे या कारकिर्दीचा शेवट तिच्या सुरुवातीतच लिहिलेला असतो.

हा शेवट वेगवेगळ्या आयडॉलनी वेगवेगळ्या रीतीने गाठला. मोमोए यामागुचीने १९८० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तोक्योच्या बुदोकान सभागृहात निरोपाचे गाणे गायले, हातातला मायक्रोफोन रंगमंचावर ठेवला आणि लग्न करून ती कायमची पडद्याआड गेली. सेइको मात्सुदाने उलट केले. १९८५ मध्ये लग्न आणि पुढच्या वर्षी मुलीचा जन्म झाल्यावरही ती गात राहिली, आणि आई झालेली आयडॉल ही कल्पना तिने जपानी प्रेक्षकांच्या गळी उतरवली. अकिना नाकामोरी आपल्या पोशाखात आणि नृत्यरचनेत स्वतः लक्ष घालत असे आणि विशीतच ती प्रौढ, काहीशी उदास गाणी गाऊ लागली होती. तेव्हा आमुरो ही या वाटेने जाणारी पहिली नव्हे. तिचे वेगळेपण असे, की बाकीच्या बहुतेकींनी आपला जुना श्रोता शक्य तितका धरून ठेवला, तर तिने तो बऱ्याच अंशी जाऊ दिला आणि वेगळ्या गाण्यासाठी वेगळा श्रोता मिळवला.

प्रश्न : पण आमुरो खऱ्या अर्थाने आयडॉल होती का? माझ्या माहितीप्रमाणे ती मुळात नर्तिका होती. – एक वाचक, नाशिक

उत्तर : शंका रास्त आहे आणि माझे उत्तर ‘निम्मी होती’ असे आहे.

आमुरोचा जन्म २० सप्टेंबर १९७७ रोजी ओकिनावातील नाहा शहरात झाला. ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या प्रशासनाखाली होते आणि अमेरिकी लष्करी तळ तिथे आजही आहेत, त्यामुळे अमेरिकी नृत्यसंगीत तिथल्या मुलांच्या कानावर सहज पडे. मासायुकी माकिनो यांच्या ‘ओकिनावा ॲक्टर्स स्कूल’मध्ये ती एका मैत्रिणीच्या सोबतीने गेली, आणि माकिनोंनी तिला हेरून फी न घेता शिकवायचे कबूल केले. घरची परिस्थिती बेताची असल्याने बसभाडे वाचवायला ती लांबून पायी येत असे. तिचा आदर्श होती जॅनेट जॅक्सन, म्हणजे गात गात नाचणारी आणि नाचता नाचता दम न सोडणारी कलावंत. जपानी आयडॉलच्या साच्यात हा आदर्श बसत नव्हता.

तरी तिला आणले गेले ते त्याच साच्यातून. १६ सप्टेंबर १९९२ रोजी ‘सुपर मंकीज’ या मुलींच्या गटातून तिचे पदार्पण झाले, आणि पहिली दोन-अडीच वर्षे या गटाची गाणी फारशी कुणी घेतली नाहीत. जानेवारी १९९५ मध्ये ‘युरोबीट’ या वेगवान नृत्यसंगीताच्या वळणाचे ‘ट्राय मी’ गाजले. त्यानंतर आमुरो पुढे आणि बाकीच्या मागे अशी विभागणी झाली. मागच्या चौघी ‘मॅक्स’ या नावाने स्वतंत्र गट म्हणून पुढे आल्या आणि चांगल्या गाजल्या, हेही इथे नोंदवायला हवे. ऑक्टोबर १९९५ पासून आमुरोची सूत्रे तेत्सुया कोमुरो या निर्मात्याकडे गेली. कोमुरोचा तेव्हाचा दबदबा कळण्यासाठी एकच गोष्ट पुरे : एप्रिल १९९६ मध्ये एका आठवड्यात ओरिकॉनच्या विक्री यादीतील पहिल्या पाचही सिंगल्स (एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या) त्याच्या होत्या. आमुरोचा ‘स्वीट १९ ब्लूज’ हा अल्बम त्याच वर्षी जुलैत आला आणि त्याच्या तीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. तेव्हा तिला एकोणिसावे वर्षही पूर्ण व्हायचे होते. १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षे ‘जपान रेकॉर्ड अवॉर्ड’चा सर्वोच्च सन्मान तिच्या गाण्यांना मिळाला, आणि १९९७ चे ‘कॅन यू सेलिब्रेट?’ बावीस लाखांच्या पुढे विकले गेले.

तिला आयडॉल म्हणायचे ते एवढ्यासाठी, की गाणे दुसऱ्याचे होते, निर्णय दुसऱ्याचे होते आणि लोक तिच्या रूपावर व वयावर भाळले होते. मात्र एक फरक फार मोठा होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आयडॉलकडे प्रामुख्याने मुलगे पाहत. आमुरोकडे मुली पाहत आणि तिच्यासारखे दिसू पाहत. पिंगट रंगवलेले लांब केस, कोरून बारीक केलेल्या भुवया, आखूड स्कर्ट आणि जाड तळव्यांचे उंच बूट अशा वेशात तोक्योच्या शिबुया भागात हिंडणाऱ्या मुलींना ‘आमुरा’ हे नावच पडले होते. या मुली तिच्याबरोबरच वाढल्या, नोकरीला लागल्या, काहींची लग्ने झाली, काहींची मोडली. पुढे तिच्या मदतीला आल्या त्या यांच्यातल्याच अनेक जणी.

प्रश्न : लग्न आणि मातृत्व यांमुळे तिची लोकप्रियता गेली, असे सर्वत्र वाचायला मिळते. स्त्री कलावंतांच्या बाबतीत नेहमीच असे का घडावे? – एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : लग्नाचा धक्का खरा होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये, वीस वर्षांची असताना, तिने ‘टीआरएफ’ या गटातील नर्तक सॅम याच्याशी लग्न झाल्याचे आणि आपण गरोदर असल्याचे एकाच पत्रकार परिषदेत जाहीर केले. आयडॉलच्या बाबतीत हे अघटितच होते. पण लोकांची प्रतिक्रिया पाहण्यासारखी होती. त्या दिवशी तिने घातलेला बर्बेरीचा चौकटीचा आखूड स्कर्ट दुकानांतून हातोहात संपला. म्हणजे तिच्या चाहत्या मुली तिच्यावर रागावल्या नव्हत्या. १९९८ हे संपूर्ण वर्ष तिने रजा घेतली आणि ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘कोहाकु उता गासेन’ या वर्षअखेरच्या कार्यक्रमात ती परतली. ‘कॅन यू सेलिब्रेट?’ गाताना तिचा गळा दाटून आला, आणि ते दृश्य त्या पिढीतील कुणीही जपानी माणूस विसरलेला नसावा. लोकांना ती हवीच होती.

घसरण सुरू झाली ती त्यानंतर, आणि तिची कारणे बाजारात शोधावी लागतात. ती रजेवर असताना आयुमी हामासाकीचे पदार्पण झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हिकारु उतादा आली. उतादाचा ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम मार्च १९९९ मध्ये निघाला आणि जपानमध्ये पंचाहत्तर लाखांहून अधिक प्रती खपून तो तिथला सर्वाधिक विकला गेलेला अल्बम ठरला. सोळा वर्षांची ही मुलगी आपली गाणी स्वतः लिहीत होती आणि तिच्या गाण्यांत अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ‘आर अँड बी’ संगीताची लय मुरलेली होती. तिच्या शेजारी कोमुरोचे चकाकते, वेगवान संगीत एका रात्रीत जुने वाटू लागले आणि त्याची ओसरती सद्दी आमुरोलाही भोवली. त्यात मार्च १९९९ मध्ये तिच्या आईची हत्या झाली. त्याविषयी इथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. इतकेच सांगतो, की ती लवकरच कामावर परतली आणि या दुःखाचे तिने गाण्यांसाठी किंवा प्रसिद्धीसाठी भांडवल केले नाही. २००२ मध्ये घटस्फोट झाला आणि मुलाला वाढवत ती काम करीत राहिली.

तेव्हा ‘लग्न झाले आणि बाजारभाव उतरला’ हे सोपे समीकरण इथे लागू पडत नाही. पुरुष निर्मात्याची चलती संपली, हे कारण सांगण्यापेक्षा गायिकेचे लग्न झाले हे सांगणे वृत्तपत्रांना अधिक सोयीचे होते, असे मला वाटते.

प्रश्न : तिचे संगीत ‘प्रौढ’ झाले म्हणजे नेमके काय बदलले? गीतांचे विषय, चाल, आवाज की केवळ पोशाख? मी ध्वनिमुद्रण क्षेत्रात काम करतो, त्यामुळे उत्तर जरा तपशिलात द्यावे. – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी आवाजाविषयी. कोमुरोच्या काळातील गाण्यांत चाल मुखड्यापर्यंत चढत जाते आणि तिथे गायिकेला आपल्या पट्टीच्या वरच्या टोकाला, जवळजवळ ओरडण्याच्या सीमेवर, उभे करते. ‘चेस द चान्स’ ऐकताना हा ताण लगेच जाणवतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने श्वास राखून, धावत, उंच सूर गाठायचा, आणि ती गाठेल की नाही या उत्कंठेतच त्या गाण्याची सारी गंमत आहे. २००३ नंतरच्या गाण्यांत सूर खाली आला आहे. ती तालाच्या जरा मागे रेंगाळते, शब्द तोडून टाकते, आणि मुख्य आवाजाखाली तिच्याच आवाजाचे दोन-तीन थर पसरलेले असतात. आपण हेडफोन लावून ऐकलेत तर कडव्यात एक आवाज जवळ येऊन बोलल्यासारखा वाटतो आणि बाकीचे डाव्या-उजव्या बाजूंनी त्याला उत्तर देतात. सूर गाठण्याची धडपड संपली आणि तालाशी खेळणे सुरू झाले.

हा बदल एका दिवसात झाला नाही, आणि त्याचे बी कोमुरोनेच पेरले होते, हे विसरून चालणार नाही. ‘स्वीट १९ ब्लूज’चे शीर्षकगीत संथ आहे, त्यात फारशी चकाकी नाही, आणि किशोरवयाचे शेवटचे वर्ष हातातून निसटत असल्याची जाणीव त्यात आहे. २००० च्या आरंभी आलेल्या ‘जीनियस २०००’ मध्ये डॅलस ऑस्टिन या अमेरिकी निर्मात्याची गाणी होती. जानेवारी २००१ नंतर कोमुरोशी असलेले काम थांबले. पुढची दीड-दोन वर्षे मात्र चाचपडण्यात गेली आणि त्या काळातील गाण्यांत ती कुणाची गायिका आहे हेच ठरत नाही. त्या गाण्यांचा मी चाहता नाही.

निर्णायक वळण आले ते दुसऱ्याच नावाखाली. २००२ च्या अखेरीस निर्माता र्‍योसुके इमाई आणि ‘एम-फ्लो’चा रॅप गायक व्हर्बल यांच्यासह तिने ‘स्वीट शीक’ नावाचा उपक्रम हाती घेतला. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांचा अल्बम आला. त्यावर जपानी हिप-हॉपमधील नावाजलेली मंडळी होती आणि आमुरोचे नाव शीर्षस्थानी नव्हते. ज्या नावावर कोट्यवधींची उलाढाल झाली होती, ते नाव थोडा काळ बाजूला ठेवण्याची मुभा तिने घेतली. त्या अल्बमवर ती कुणाची अपेक्षा पुरी करताना दिसत नाही. त्या वेळी तिला कुणी बजावले असेल, की आपला श्रोता हे ऐकणार नाही, तर तो इशारा खरा ठरला असे म्हणावे लागेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्या स्वतःच्या नावाने आलेल्या ‘स्टाइल’च्या सुमारे दोन लाख प्रती गेल्या. सात वर्षांपूर्वीचा तीस लाखांचा आकडा समोर ठेवला तर ही पडझड किती होती ते दिसते.

तरी ती मागे वळली नाही. जुन्या वळणाची, लग्नसमारंभात वाजतील अशी चार गाणी तिने करून घेतली असती, तर आकडा बराच सावरला असता. तिने २००५ मध्ये ‘क्वीन ऑफ हिप-पॉप’ काढला आणि २००७ मध्ये ‘प्ले’. टी. कुरा व मिचिको हे जोडपे आणि ‘नाओ-वायएमटी’ या नावाने काम करणारा निर्माता, हे आता तिचे नेहमीचे साथीदार झाले होते. नाओच्या चालींविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिचा उत्तरार्ध घडवण्यात कोमुरोइतकाच त्याचा वाटा आहे. त्याची २००७ ची ‘बेबी डोंट क्राय’ मध्यम लयीत चालते, कुठेही आवाज चढवत नाही, आणि गाणारी बाई दुसऱ्याला धीर देता देता स्वतःशीच बोलत असावी असे वाटते. विशीतल्या आमुरोला हे गाणे देता आले नसते, आणि दिले असते तरी ते पेलले नसते.

मग मार्च २००८ मध्ये ‘सिक्स्टीज सेव्हंटीज एटीज’ ही तीन गाण्यांची सिंगल आली. साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील अमेरिकी गाण्यांचे तुकडे घेऊन त्यांवर नवी गाणी रचली होती, आणि व्हिडाल ससून या केशप्रसाधनांच्या जाहिरातींतून ती देशभर वाजली. नऊ वर्षांनंतर तिची सिंगल पहिल्या क्रमांकावर आली. जुलैमध्ये आलेला ‘बेस्ट फिक्शन’ हा संग्रह दहा लाखांचा टप्पा सहज ओलांडून गेला आणि सलग सहा आठवडे पहिल्या स्थानावर राहिला. किशोरवयात, विशीत आणि तिशीत दहा लाखांहून अधिक खपाचा अल्बम देणारी ती पहिली कलावंत ठरली. यातली गाणी ही २००२ पासून पुढची होती. कोमुरोच्या काळातले एकही गाणे त्यात नव्हते, आणि माझ्या लेखी हीच त्या संग्रहाची सर्वांत बोलकी बाब आहे.

आपण पोशाखाचाही उल्लेख केला आहे. पोशाख बदलला, पण आखूड स्कर्ट आणि उंच बूट चाळिशीपर्यंत टिकले. ज्यांना प्रौढपणा म्हणजे लांब झगा आणि तंतुवाद्यांची साथ वाटते, त्यांनी याची नोंद घ्यावी.

प्रश्न : तिने स्वतः गाणी लिहिली नाहीत, तर तिला स्वतंत्र कलावंत कसे म्हणावे? एका निर्मात्याच्या हातून ती दुसऱ्याच्या हाती गेली, इतकेच नाही का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कोमुरोपासून वेगळी झाल्यावर तिने लिहून पाहिले होते. २००१ चे ‘से द वर्ड’ हे गीत तिचेच आहे. पुढे तिने लेखन जवळजवळ सोडून दिले, आणि मला हा तिचा शहाणपणा वाटतो. उतादाने गाजवलेल्या त्या काळात स्वतः लिहिणे हाच अस्सलपणाचा पुरावा मानला जाऊ लागला होता, आणि अनेक जणी केवळ त्या धाकापोटी सुमार गीते लिहीत होत्या. आमुरोने आपले बळ निवडीत लावले. कुणाची चाल घ्यायची, कोणती परत पाठवायची, कोणती नृत्याला झेपेल, हे ती ठरवू लागली. कोमुरोच्या काळी गाणे तिच्यापर्यंत तयार होऊन येत असे. नंतर तिच्यासमोर पर्याय येऊ लागले. फरक एवढाच आहे, पण तो लहान नाही.

शिवाय मराठी श्रोत्याला तरी हा आक्षेप पडू नये. आपल्या भावगीतांत कवी एक, संगीतकार दुसरा आणि गाणारा तिसरा, ही सर्वमान्य रीत आहे, आणि त्यावरून गाणाऱ्याला कुणी कमी लेखल्याचे मला आठवत नाही.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त तोक्योत निशी-कासाई भागात राहतो. माझ्या कार्यालयातील चाळिशीच्या सहकारी स्त्रिया आमुरोच्या मैफलींविषयी आजही भारावून बोलतात, पण ‘ती एक शब्दही बोलत नसे’ असेही सांगतात. हे खरे का, आणि असे का? – एक वाचक, तोक्यो

उत्तर : खरे आहे. जपानी मैफलींत दोन गाण्यांच्या मधल्या गप्पांना मोठे महत्त्व असते. कलावंत प्रवासातल्या गमती सांगतो, साथीदारांची चेष्टा करतो, प्रेक्षकांशी सलगी साधतो. आयडॉलच्या बाबतीत तर या गप्पा गाण्याइतक्याच मोलाच्या. आमुरोने उत्तरार्धात त्या पार काढून टाकल्या. दोन-सव्वादोन तासांत तीसच्या आसपास गाणी, मध्ये पोशाख बदलण्यापुरता विराम, आणि अगदी शेवटी आभाराचे दोन शब्द. बोलण्याचा तिला मुळातच संकोच होता. पण नुसत्या संकोचाने इतकी शिस्त येत नाही. तीस गाणी नाचत गायची तर दम आणि वेळ दोन्ही जपावे लागतात, आणि बोलणे काढून टाकल्यावर प्रेक्षकांना देण्यासारखे केवळ काम उरते.

याच सुमारास तिने दूरचित्रवाणीवरही जाणे कमी केले. ‘कोहाकु’मध्ये ती २००३ पर्यंत सलग दिसत होती. नंतर तेरा वर्षे गेली नाही आणि थेट २०१७ मध्ये, निवृत्तीच्या आधी, एकदा गेली. जपानमध्ये वर्षअखेरीचे ते आमंत्रण नाकारणे ही लहान गोष्ट नव्हे. दूरचित्रवाणीच्या जागी तिने गावोगावच्या सभागृहांतील दौरे धरले. प्रचंड स्टेडियममध्ये नव्वदीच्या दशकातच गायलेली ही बाई पुन्हा दोन-तीन हजारांच्या सभागृहांकडे वळली, आणि तिथून वर चढत २०१२ मध्ये पदार्पणाच्या विसाव्या वर्षी तिने देशातील पाचही मोठ्या डोम (छत असलेल्या) मैदानांचा दौरा केला. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला ओकिनावात ठरलेली वर्धापनदिनाची मैफल मात्र वादळामुळे रद्द करावी लागली होती. आपल्या सहकाऱ्यांना त्याबद्दल विचारून पाहावे. तिकीट हाती असून जाता न आलेली एखादी त्यांच्यात निघण्याचा संभव आहे.

प्रश्न : माझी मुलगी सध्याच्या जपानी आयडॉल गटांची चाहती आहे. आज अशा गटातून बाहेर पडून गंभीर गायिका होता येते का? – एक पालक, सातारा

उत्तर : येते, पण वाट वेगळी आहे. डिसेंबर २००५ मध्ये तोक्योच्या अकिहाबारा भागात सुरू झालेल्या ‘एकेबी४८’ने गटांची रचनाच बदलली. सभासद अनेक, हस्तांदोलनाचे मेळावे, चाहत्यांच्या मतांवर ठरणारे स्थान आणि काही काळानंतर समारंभपूर्वक निरोप, ज्याला तिथे चक्क पदवीदान म्हणतात. म्हणजे आता शेवट जाहीरपणे कार्यक्रमपत्रिकेतच असतो. ओसाकाच्या ‘एनएमबी४८’मधील सायाका यामामोतो हिने गटात असतानाच, २०१६ मध्ये, सेइजी कामेदा या नामवंत निर्मात्यासह स्वतःचा अल्बम काढला, आणि २०१८ मध्ये निरोप घेऊन गिटार हाती असलेली गीतकार-गायिका म्हणून ती स्थिरावली. मुलीला तिची गाणी ऐकायला सुचवावे. मात्र गटातील बहुतेक मुलींना गाण्याऐवजी अभिनय, निवेदन किंवा सर्वस्वी वेगळा व्यवसाय स्वीकारावा लागतो, हेही तिला ठाऊक असू द्यावे.

प्रश्न : सर्व काही पुन्हा मिळवल्यावर तिने चाळिशीत निवृत्ती का घेतली? आणि तिची गाणी मला कोणत्याही ॲपवर सापडत नाहीत, ती कुठे ऐकावी? – एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : २० सप्टेंबर २०१७ रोजी, चाळिसाव्या वाढदिवशी, तिने वर्षभराने निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. आजारपण नाही, वाद नाही, उतरती कळा तर नाहीच. पहिल्या उत्तरात आलेल्या मोमोएशी याची तुलना अनेकांनी केली. मला ती तितकीशी पटत नाही, कारण एकविसाव्या वर्षी संसारासाठी गाणे सोडणे आणि पंचवीस वर्षे काम करून, मुलगा मोठा झाल्यावर, नाचत गाण्याचा आपला दर्जा उतरण्याच्या आत थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या निरोपाच्या वर्षात तिने एक काम फार नेटके केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘फायनली’ या तीन तबकड्यांच्या संग्रहासाठी तिने आपली बहुतेक जुनी गाणी, अगदी सुपर मंकीजच्या काळापासूनची, नव्याने गायली. कोमुरोनेही त्यासाठी एक नवे गाणे दिले. इतकी वर्षे बाजूला ठेवलेली गाणी तिने चाळिशीतल्या आवाजात परत घेतली. त्या संग्रहाच्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. अखेरच्या दौऱ्याचा समारोप ३ जून २०१८ रोजी तोक्यो डोममध्ये झाला. १५ सप्टेंबरला ओकिनावातील गिनोवान इथे ती शेवटचे गायली आणि १६ सप्टेंबरला, पदार्पणाच्याच तारखेला, निवृत्त झाली.

ॲपवर गाणी न सापडण्याचे कारण आपल्या फोनमध्ये नाही. नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला तिची सर्व गाणी जपानमधील व परदेशांतील ऑनलाइन सेवांवरून काढून घेण्यात आली. त्यामुळे आता तबकड्यांचाच आधार आहे. त्या जपानमध्ये जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळतात, तेव्हा तिकडे ओळखीचे कुणी असेल तर मागवून घ्याव्यात. एकच घ्यायची असेल तर ‘बेस्ट फिक्शन’ घ्यावी. दोन घेता आल्या तर तिच्याबरोबर ‘स्वीट १९ ब्लूज’ घ्यावी आणि तीच आधी ऐकावी. पाहण्याचीही सोय असेल, तर शेवटच्या दौऱ्याची डीव्हीडी ऑगस्ट २०१८ मध्ये निघाली आहे. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, त्यामुळे ती मिळणे अवघड जाऊ नये.